कूलंट, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप घरी बदलल्यावर गाडी गरम होत असेल तर

कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदललं, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) नवा टाकला किंवा रेडिएटर काढून, धुऊन परत बसवला. गाडी बाहेर काढली आणि दुसऱ्या सिग्नललाच लाल दिवा लागला. अशा वेळी नवा रेडिएटर, नवा पंप, नवी फॅन मोटर असं एकामागून एक विकत आणण्याचा मोह होतो. तो आवरा. कामाआधी गाडी गरम होत नव्हती आणि कामानंतर होऊ लागली, तर दोष बहुतेक वेळा तुमचा पाना जिथे लागला तिथेच असतो. आत अडकलेली हवा, उलटा बसलेला थर्मोस्टॅट, लावायचा राहिलेला प्लग, चुकीच्या मार्गाने फिरवलेला बेल्ट, यातलंच काहीतरी निघतं. गाडी आधीपासून गरम होत होती म्हणूनच काम काढलं असेल, तर मात्र मूळ दुखणं वेगळं होतं असं धरून पुढचं वाचा.

हा लेख मुख्यतः आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. डिझेलला बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात, फक्त कूलंट जास्त लागतं.

हात घालण्याआधी

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं कूलंट ११० अंशांवर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण उघडलं की दाब जातो, सगळं एकदम उकळतं आणि वाफेसकट तोंडावर येतं. किमान तासभर थांबा. वरचा जाड होज पाइप दाबून बघा. तो मऊ लागला आणि हाताला थंड असला, तरच झाकणावर जाड फडकं दुमडून ठेवा आणि पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. फुस्स आवाज पूर्ण थांबला की दाबून उघडा.

तापलेल्या इंजिनवर किंवा रिकाम्या झालेल्या गरम रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) तडकतं. इलेक्ट्रिक फॅन काही गाड्यांत चावी बंद असतानाही सुरू होतो. पात्यांजवळ बोटं न्यायची असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

गरम म्हणजे नेमकं किती, आणि कधी

आजच्या बऱ्याच हॅचबॅकना तापमानाचा काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा, जास्त तापल्यावर लाल, मधलं काहीच कळत नाही. लाल दिवा दिसतो तोवर उशीर झालेला असतो. म्हणून स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं ब्लूटूथ ओबीडी डोंगल घ्या. मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशांत दिसतं आणि पुढची सगळी शोधाशोध सोपी होते. बहुतेक गाड्या ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान चालतात. पंचाण्णव ते शंभरच्या सुमारास फॅन सुरू होतो आणि चार-पाच अंश उतरल्यावर बंद होतो. आकडा १०५ वर टिकून राहत असेल तर काहीतरी बिघडलंय. ११० ओलांडले की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

गाडी केव्हा तापते यावरून अर्धं निदान होतं. गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर फॅन किंवा हवेचा मार्ग तपासा. गावात ठीक असते पण कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना तापते, तर कूलंट पुरेसं फिरत नाही, रेडिएटर आतून बुजलाय किंवा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकच्या मधलं सील) दाबाखाली गळतंय. सकाळी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत तापत असेल, तर थर्मोस्टॅट, अडकलेली हवा किंवा न फिरणारा पंप. आकडा ८८ वरून एकदम १०६, परत ९० अशा उड्या मारत असेल, तर ती जवळजवळ नक्की हवा असते. सेन्सरच्या टोकाला कधी द्रव लागतो, कधी वाफ.

आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. मोबाइलवर ११५ दिसतंय पण वरचा होज कोमट आहे, वास नाही, उकळण्याचा आवाज नाही. मग सेन्सर किंवा त्याचा प्लग तपासा. याउलट, सेन्सरचा प्लग लावायचाच राहिला असेल, तर अनेक गाड्यांत फॅन चावी लावल्यापासून सतत फिरतो आणि इंजिनचा दिवा लागतो.

किती काढलं, किती भरलं

घरी काम करणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त चुकतं ते इथे, आणि तपासायला ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. निघालेलं कूलंट मापाच्या डब्यात धरा आणि आकडा लिहून ठेवा. मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता दिलेली असते. छोट्या पेट्रोल गाड्यांत ती साधारण साडेतीन ते पाच लिटर असते.

समजा क्षमता ४ लिटर आहे. खालचा ड्रेन प्लग उघडल्यावर २.६ लिटर निघालं, उरलेलं १.४ लिटर इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या कॉइलमध्ये राहिलं. भरताना मात्र १.९ लिटरलाच तोंडापर्यंत आलं. म्हणजे ०.७ लिटरची जागा हवेने धरली आहे. झाकण लावून गाडी रस्त्यावर नेली की ती हवा हेडच्या सगळ्यात गरम भागात जाऊन बसते. तिथे द्रवाऐवजी वाफ तयार होते आणि पंप नुसता घुसळत राहतो.

याच आकड्यांत दुसरी चूकही दडलेली असते. साध्या पाण्याने फ्लश केलं, म्हणजे आतून धुऊन काढलं असेल तर ब्लॉकमधलं १.४ लिटर आता पाणी आहे. त्यावर २.६ लिटर निम्मं-निम्मं तयार मिश्रण ओतलं, तर प्रमाण ३२-३३ टक्क्यांवर येतं. आपल्या हवेत गोठण्याची चिंता नाही, पण त्याहून पातळ झालं तर गंजरोधक कमी पडतो. बरोबर ५० टक्के हवे असतील तर २ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आधी ओता, मग ०.६ लिटर पाणी.

तिसरी चूक म्हणजे कॉन्सन्ट्रेटचा डबा तयार मिश्रण समजून पाणी न घालता तसाच ओतणं. शुद्ध ग्लायकॉल पाण्याच्या जेमतेम साठ टक्के उष्णता वाहून नेतं आणि दाटही असतं. डब्यावर "पाणी मिसळू नका" लिहिलंय की "१:१" लिहिलंय हे वाचूनच घ्या. आयएस ५७५९ मानकाचा उल्लेख बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार बघा. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. एकाच रंगाची दोन कूलंटं वेगळ्या रसायनांची असू शकतात आणि वेगळी रसायनं एकत्र आली की कधीकधी साबुदाण्याच्या खिरीसारखा लगदा तयार होतो. जुनं कोणतं होतं माहीत नसेल तर पूर्ण फ्लश करा.

पाणी डिस्टिल्डच वापरा, पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते. बोअरचं पाणी ज्या घरात वापरतात त्या घरातला गीझर उघडून बघितला असेल तर कारण सांगायला नको. तोच पांढरा थर रेडिएटरच्या सुईएवढ्या नळ्यांत बसतो.

हवा काढण्याची रीत

गॅरेजमध्ये याला "एअर काढणं" म्हणतात. मुद्दा एकच आहे: हवा वर जाते, म्हणून भरण्याचं तोंड सगळ्यात उंच हवं.

१. इंजिन पूर्ण थंड असू द्या. पुढची चाकं रॅम्पवर घ्या किंवा चढावर तोंड करून गाडी लावा. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा.

२. केबिनच्या हीटरचं बटण पूर्ण गरमवर न्या. काही गाड्यांत हीटरचा कॉक तेव्हाच उघडतो. तो बंद राहिला तर हीटरच्या कॉइलमधली हवा आतच राहते. एसी बंद ठेवा.

३. हवा काढायचा स्क्रू आहे का ते शोधा. तो थर्मोस्टॅटच्या घरावर, हीटरच्या पाइपवर किंवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात असतो. एक-दीड आटा सैल करा. नरसाळ्यातून कूलंट कपभर-कपभर करत सावकाश ओता. स्क्रूतून बुडबुडे न येता अखंड धार आली की बंद करा. स्क्रू प्लास्टिकचा असेल तर नुसत्या बोटांच्या जोराने, पाना लावलात तर मुंडी हातात येईल.

४. इंजिन सुरू करण्याआधीच वरचा आणि खालचा होज पंधरा-वीस वेळा दाबा आणि सोडा. तोंडाशी गुडगुड करत हवा येईल, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. पातळी हलायची थांबेपर्यंत हेच करा. ही पायरी लोक गाळतात आणि नंतर तासभर घालवतात.

५. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरायला तयार राहा. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसून दाबाची टाकी असते, तिथे टाकी कमाल खुणेपर्यंत भरून झाकण लावून चालवायचं असतं, मॅन्युअल बघा.

६. फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. अधूनमधून अर्धा मिनिट २००० ते २५०० आरपीएमवर धरा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर पातळी उतरते, सोडल्यावर वर येते, म्हणून उतरलेली असताना काठोकाठ भरू नका. सोडल्यावर अंगावर येईल.

७. आता ब्लोअर लावा. आयडलवरही कढत हवा आली पाहिजे. रेस दिल्यावर गरम आणि सोडल्यावर गार येत असेल तर हवा अजून आत आहे किंवा कूलंट कमी आहे.

८. झाकण लावा, रेडिएटरला बारीक नळीने जोडलेली कूलंटची बाटली खुणेपर्यंत भरा, गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी दोन्ही ठिकाणची पातळी बघून भर घाला. एकूण भरलेलं आता निघालेल्याच्या शंभर-दोनशे मिलिलिटरच्या आत आलं पाहिजे.

थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅटमध्ये मेणाने भरलेली पितळी कुपी असते. मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. कुपी आणि स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, म्हणजे गरम द्रवाकडे असली पाहिजे. उलटा बसला तर कुपीला उष्णता लागतच नाही, झडप फार उशिरा उघडते आणि तोवर लाल दिवा लागलेला असतो. कडेला एक इवलीशी हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला, घड्याळातल्या बाराच्या जागी हवी. तिच्यातूनच भरताना हवा निसटते. ती खाली राहिली तर वर सांगितलेली सगळी कसरत करूनही हवा अडकते.

उघडतोय की नाही हे होजवरून कळतं, पण आधी थर्मोस्टॅट कुठल्या पाइपवर आहे ते बघा. वरच्या पाइपच्या बाजूला असेल, तर तापमान नव्वदी ओलांडतानाही वरचा होज थंड राहणं म्हणजे तो बंद आहे. अनेक जपानी इंजिनांत तो खालच्या पाइपच्या बाजूला असतो. तिथे वरचा होज आपसूक तापतो, आणि शंभर ओलांडून गेल्यावरही खालचा गार राहिला तर संशय घ्यायचा. हा फरक माहीत नसल्याने चांगले थर्मोस्टॅट फेकले जातात.

काढलाच असेल तर पातेल्यात तपासा. झडपेच्या फटीत दोरा अडकवून त्याच दोऱ्याने तो पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकता कामा नये. शेजारी स्वयंपाकघरातला थर्मामीटर सोडा. मंद आचेवर तापवा. झडप उघडायला लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन खाली पडतो. त्या क्षणाचा आकडा वाचा. अंगावर ८२ किंवा ८८ असं कोरलेलं असतं, दोन अंश इकडेतिकडे चालतं. मग त्याहून दहा-बारा अंश वर नेऊन झडप साधारण ८ मिलिमीटर उचलली जाते का बघा. नवा आणलेलाही बसवण्याआधी असाच तपासा, डब्यातून बिघडलेला निघतो.

"वॉल्व्ह (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून टाका, गाडी गरमच होणार नाही" हा सल्ला कुठल्याही नाक्यावर मिळतो. काढल्यावर इंजिन कधी नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, तेलात ओलावा राहतो. त्यात काही इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालची चकती गरम झाल्यावर बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करते. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, निम्मं कूलंट रेडिएटरला न जाता इंजिनमध्येच गिरक्या घेतं आणि उन्हाळ्यात गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

फॅन

रेडिएटर काढून बसवला असेल तर फॅनचा प्लग, फ्यूज, रिले आणि अर्थची तार या क्रमाने बघा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर फॅन फिरतो, ही झटपट तपासणी. फिरत नसेल तर फ्यूज लावलेल्या तारेने मोटरला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट द्या. थेट फिरली तर दोष रिले, वायरिंग किंवा सेन्सरचा. नाही फिरली तर मोटर गेली.

फॅन फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका. मोटरच्या दोन तारा उलट जोडल्या की ती उलटी फिरते आणि रेडिएटरमागे असलेला फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. गाडी धावू लागली की समोरून येणारा वारा आणि फॅन एकमेकांशी झुंजतात. जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. ते आत खेचलं जाऊन चिकटलं पाहिजे. फडफडत बाहेर आलं तर तारांची अदलाबदल करा, आणि नवा पंखा बसवला असेल तर तो शाफ्टवर उलट्या तोंडाने नाही ना बघा.

फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण आणि कडेच्या फोमच्या पट्ट्या परत लावल्या का? त्या नसतील तर फॅन इंजिनखालचीच गरम हवा पुन्हा ओढतो. एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि कापूस साचतो. तो समोरून दिसत नाही, वरून टॉर्च मारून बघा. धुताना साध्या नळाची धार इंजिनच्या बाजूने बाहेर सोडा. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप जवळून मारला तर पातळ पत्रे झोपतात.

झाकण आणि बाटली

झाकणाची किंमत कमी म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. अंगावर ०.९ किंवा १.१ असा बारमधला आकडा असतो. ०.९ बारच्या दाबाखाली साधं पाणीही ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं किंवा बाजारातून खोलगट तोंडाचं चुकीचं झाकण आणलं की दाब टिकत नाही आणि पाणी शंभरलाच उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ ला. इंजिनात बिघाड काही नाही, तरी रेडिएटर "पाणी फेकतो".

झाकणात आत उघडणारी दुसरी छोटी झडपही असते. इंजिन थंड होताना ती बाटलीतलं कूलंट परत ओढते. ती अडकली तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसेल. बाटलीला जाणारी बारीक नळी तडकली असेल किंवा तिचं टोक तळापर्यंत पोहोचत नसेल तर रेडिएटर कूलंटऐवजी हवा ओढतो. दर थंड-गरम फेरीत थोडी हवा आत, आणि तुम्ही रोज सकाळी एअर काढत बसता. बाटली भरलेली पण रेडिएटर रिकामा, हे याचंच लक्षण.

पंप, बेल्ट आणि सिलिकॉन

पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर बेल्टचा मार्ग मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून बघा. लांब बेल्ट एका पुलीला खाचांच्या बाजूने आणि दुसऱ्याला पाठीने फिरवतो. एक पुली चुकली की पंप उलटा फिरतो, बेल्ट मात्र जागेवर छान बसल्यासारखा दिसतो. साध्या बेल्टला दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर खेळ हवा. पंप टायमिंग बेल्टवर असेल आणि तुम्ही तो बेल्ट उघडला असेल, तर एक दात चुकला तरी इग्निशन आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बिघडून गाडी ओढत नाही आणि तापते.

गॅस्केटऐवजी किंवा गॅस्केटवर सिलिकॉन लावलं असेल तर किती लावलं ते आठवा. दोन-तीन मिलिमीटरची एक ओळ पुरते. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळलेलं असतं, आणि तो रबराचा तुकडा सुटून रेडिएटरच्या नळ्यांत किंवा थर्मोस्टॅटच्या तोंडात अडकतो. ट्यूबवर सांगितलेला वेळ, बहुधा २४ तास, वाळू द्या आणि मगच कूलंट भरा.

खालचा होज नवा टाकला असेल तर कोणाला तरी ३००० आरपीएम धरायला सांगा आणि बघत राहा. स्वस्त किंवा मऊ होज पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि हायवेवर गाडी तापते. थांबून बॉनेट उघडेपर्यंत तो परत गोल झालेला असतो.

सीएनजी गाडी असेल तर

सीएनजी किटचा रिड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) कूलंटने गरम ठेवला जातो. दाब उतरताना गॅस प्रचंड थंड होतो, म्हणून हीटरच्या पाइपांना टी-जोड देऊन कूलंट तिकडे नेलेलं असतं. म्हणजे हवा अडकायला आणखी एक कोपरा, गळायला आणखी चार क्लिपा. कूलंट बदलल्यावर इंजिन तापलेलं असतानाही रिड्यूसर हाताला गार लागला किंवा त्यावर दव-बर्फ धरला, तर त्यातून कूलंट फिरत नाही. रिड्यूसर रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच बसवलेला असेल तर हवा तिथेच साठणार. तो खाली घेतल्याशिवाय सुटका नाही. पेट्रोलवर ठीक आणि फक्त गॅसवर तापते असं असेल, तर कूलिंगला हात लावण्याआधी किटचं ट्यूनिंग तपासून घ्या, मिश्रण पातळ असणार.

हेड गॅस्केट

गाडी एकदा सणकून तापली असेल, किंवा तुम्ही हेडच उघडलं असेल, तर ही शक्यता टाळता येत नाही. थंड इंजिन, झाकण उघडं, सुरू करा आणि तोंडाशी बघा. अडकलेल्या हवेचे बुडबुडे मोठे असतात आणि दहा-पंधरा मिनिटांत संपतात. ज्वलनाचा वायू असेल तर सोड्यासारखे बारीक बुडबुडे येतच राहतात आणि रेस दिल्यावर वाढतात. सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा झाला, कूलंट तापलेलंही नसताना, तर तो दाब सिलिंडरमधूनच आलेला असतो. रात्रभर थंड झालेल्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना फुस्स झालं तरी तेच.

खात्री करायला ब्लॉक टेस्टर वापरा. रेडिएटरच्या तोंडावर बसणारी नळी आणि निळा द्रव असतो. पेट्रोल इंजिनचा ज्वलन वायू आला की निळा रंग पिवळा होतो. कूलंट नळीत ओढलं जाऊ नये म्हणून आधी पातळी चार-पाच सेंटिमीटर कमी करा. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या ओलाव्यानेही येते. डिपस्टिकवरचं तेल चहासारखं दिसत असेल तर मात्र गाडी सुरूच करू नका.

हेड तुम्हीच बसवलं असेल तर हे आठवून बघा. गॅस्केट उलटसुलट झालं का? काही गॅस्केटांची कूलंटची भोकं एकाच बाजूने जुळतात, उलट बसल्यावर मागच्या सिलिंडरकडची वाट बंद होते. ताणून बसणारे बोल्ट जुनेच वापरले का? बोल्टच्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं होतं का? तसं असेल तर टॉर्क पान्यावर आकडा आला तरी बोल्टाने गॅस्केट दाबलेलं नसतं. क्रम मधल्या बोल्टांपासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. हेडचा सपाटपणा स्टीलची पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पातींनी) बघायचा असतो, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. छोट्या ॲल्युमिनियम हेडला मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढी पात सरकली तर हेड मशीन शॉपला गेलं पाहिजे.

इथे हळदीबद्दल लिहिणं भाग आहे. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि बारीक भोक ती खरंच बुजवते. पण हळदीला कुठलं भोक बुजवायचं ते कळत नाही. हीटरची कॉइल आणि रेडिएटरच्या नळ्याही भरतात. बाटलीबंद लीक-स्टॉपचंही तेच. रानात अडकलात आणि गाव गाठायचंय, तर टाका. मग आठवड्याच्या आत फ्लश करून भोक नीट दुरुस्त करा.

रस्त्यावर तपासणी

पहिली फेरी घराभोवती दहा मिनिटांची, डोंगल लावून. दुसरी अर्ध्या तासाची, त्यात दहा मिनिटं गर्दी आणि एसी. तिसरी एखाद्या चढावर. पहिल्याच दिवशी घाट नको. चढावर आकडा १०५ च्या वर सरकला तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावा आणि खालच्या गिअरमध्ये चढा. मे महिन्यात हे नको वाटतं, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. आकडा उतरत असेल तर गाडी बाजूला घेऊन आयडलवर निवू द्या. चढतच असेल किंवा हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर कूलंट संपलंय. इंजिन लगेच बंद करा आणि टो करून आणा.

पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झालं की सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा, गरम होऊन रबर बसतं आणि त्या सैल होतात. बाटलीवर मार्कर पेनाने सकाळची पातळी आणि तारीख लिहा. तीन सकाळी बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरली तर उरलेली हवा निघाली. तिसऱ्या दिवशीही उतरत असेल आणि खाली ओल नसेल, तर पायाखालचं कार्पेट चाचपा, तिथे हीटरची कॉइल गळते. तेही कोरडं असेल तर ब्लॉक टेस्टर पुन्हा लावा.

काढलेलं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. चवीला गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरी ते पितात, आणि थोडंसंही त्यांचा जीव घ्यायला पुरतं. झाकणबंद कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.